दगड निवडताना

नवव्या दिवशी साठ माणसं जेवायला येणार होती.
साठ माणसांना जेवू घालणारा आमच्या घरात एकच,
आणि ती त्याच्यासाठीच प्रार्थनेला येणार होती.

बेलार्मिनो कार्कामो. सुतार.
चिलोए बेट, खाडीकाठचं शेवटून दुसरं घर.
बाबांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं;
उरलेलं दीड आरागिरणीनं घेतलं, मी रांगत असताना.
आई म्हणायची, हाताची चव त्या दीड बोटात असती
तर आपण सगळे उपाशी मेलो असतो.

दिवसभर होड्यांच्या फटी बुजवायचे,
अंधार पडला की शेजाऱ्यांची छपरं.
चुलीमागच्या फळ्यांवर पेन्सिलीनं टिपणं:
खिडकी चौऱ्याऐंशी बाय एकशेदहा.
खाली, ओर्तेन्सियाला कांदा सोसत नाही.
त्याखाली, रुपेर्तोच्या दाराला बिजागरी, पैसे घेऊ नयेत.
हे शेवटचं दोनदा अधोरेखित,
जणू स्वतःचाच भरवसा नव्हता.

तर खड्डा आम्ही खणला.
नाल्काची पानं आणली, एकेक छत्रीएवढं.
शिंपले, डुकराचं धुरावलेलं मांस, बटाटे,
किसलेल्या बटाट्याचे मिल्काओ, आत्यानं थापलेले.
दगड निबाल्दोनं आणले,
किनाऱ्यावरून, ढकलगाडी भरून, धापा टाकत.
जाळ चढला
आणि ठाप्पकन एक फुटला.
कपची आत्याच्या परकरातून आरपार.
मग दुसरा. कुत्रं जे पळालं ते रात्रीच परतलं.

आई बाहेर आली, काळी शाल, हातात तसाच चमचा.
ओल्या दगडाच्या पोटात समुद्र असतो, म्हणाली,
तापला की त्याला घरी जायचं असतं.
तुझा बाप मडकं घ्यावं तसा वाजवून घ्यायचा दगड.
कानाशी धरायचा.
कसा वाजायला हवा? निबाल्दोनं विचारलं.
आईनं तोंड उघडलं, मिटलं.
चाळीस वर्षं ती पलीकडं कांदे चिरत होती.

मलाच आठवलं: कारखान्याच्या फळ्यांखाली
जुन्या शिडाच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी,
ज्याला लहानपणी माझा पाय ठेचकळायचा
आणि बाबा आधी दगड तपासायचे, मग पाय.
ओढून काढलं.
कोरडे, गोल, एका अंगानं काळे पडलेले,
आणि वरच्या तुळईवर पेन्सिल:
साठ जणांना पुरतात. चौदा जास्तीचे. कुणी ना कुणी येतंच.

एकही फुटला नाही.

वाफ निघाली, पानं उचलली,
आणि कुणालाच कळेना आधी कुणाला वाढायचं.
ते असताना प्रश्न नव्हता:
म्हातारे, मग पोरं, मग ज्याच्याशी भांडण आहे तो,
शेवटी ते स्वतः, उभ्यानं, पातेल्याच्या झाकणात.
झाकण कोपऱ्यात टेकवलेलं होतं.
जाता-येता प्रत्येकजण त्याला वळसा घालत होता.

मिल्काओ आत कच्चे राहिले.
कुणी बोललं नाही.
रुपेर्तोनं दुसऱ्यांदा मागून घेतले,
चावत राहिला, चावत राहिला,
आणि जाताना म्हणाला, दार अजून कुरकुरतं,
पण राहू दे आता.

तळाशी एक शिंपला मिटलेलाच सापडला.
बाबा असा कधी जबरदस्तीनं उघडू द्यायचे नाहीत.
म्हणायचे, त्याला काही सांगायचं नसेल.

दुसऱ्या दिवशी दगड निवले.
मी एकेक कानाशी धरला, बोटाच्या पेरानं वाजवला.
काय ऐकायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.
सगळे सारखेच वाजले.
तरी तीन बाजूला काढले,
उरलेले शिडात बांधले,
आणि पेन्सिल शोधायला आत गेले.